शववाहिनीवर सायरन आणि लाल-निळी बत्ती चालते का? ठाणे-नवी मुंबईत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळाची ठाण्यात एक शववाहिनी आहे आणि गेली बरीच वर्षं मी तिच्यासोबत जातो. गाडी चालवणारा वेगळा असतो, मी त्याच्या शेजारी बसतो, स्मशानाचा पास, नातेवाईकांचे फोन, हार, मडकं, कोण कुठल्या गाडीत हे सगळं माझ्याकडे. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच, "काका, हूटर का नाय वाजवत तुम्ही, लवकर पोचलो असतो की." त्या वेळी त्या माणसाला कायदा सांगत बसणं बरं दिसत नाही, घरात मयत झालेली असते, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

शववाहिनीला सायरन किंवा हूटर लावता येतो का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ११९. कुठल्याही गाडीला वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न किंवा कर्कश, दचकवणारा आवाज करणारं यंत्र लावायचं नाही असं तो सांगतो आणि मग सूट कुणाला ते लिहितो: ॲम्ब्युलन्स, आग विझवणाऱ्या आणि बचावकामाच्या गाड्या, पोलीस, आरटीओचे अधिकारी ड्युटीवर असताना, आणि बांधकामाची यंत्रं. त्यांनाही आवाज कुठला ते आरटीओ ठरवतं, मनाला येईल तो नाही. या यादीत शववाहिनी नाहीये, मी दहा वेळा वाचलंय.

कायदा शववाहिनीला विसरलाय असंही नाही बरं का. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६, त्यात परमिट कुणाला लागत नाही त्याची यादी आहे, तिथे पोलीस, फायर ब्रिगेड आणि ॲम्ब्युलन्स एका ओळीत आहेत आणि फक्त प्रेत आणि सोबतची शोक करणारी माणसं नेणारी गाडी वेगळ्या ओळीत. म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही गाड्या होत्या, त्याने परमिटची सूट दोघींना दिली आणि सायरन एकीलाच दिला. मला हे बरोबर वाटतं.

मग रस्त्यावर हूटरवाल्या शववाहिन्या दिसतात त्या कशा काय?

बऱ्याचशा जुन्या ॲम्ब्युलन्स असतात. एखादी ॲम्ब्युलन्स म्हातारी झाली की ट्रस्ट किंवा मंडळ ती स्वस्तात घेतं, स्ट्रेचर काढतं, लाद्या नाहीतर स्टीलचा पत्रा बसवतं, बाहेर "वैकुंठरथ" नाहीतर "स्वर्गरथ" रंगवून घेतं, आणि टपावरची बत्ती नि आतला हूटर तसाच राहतो कारण काढायला पैसे लागतात आणि "असू दे, कधी उपयोगी पडेल". आरसी बुकात गाडीचा प्रकार बदलून घेतला तरी हूटरकडे कुणाचं लक्ष जात नाही. काही ठिकाणी मुद्दाम नवाही लावलेला असतो, देणगी देणाऱ्याने हौसेने दिलेला. देणगीदाराला नाही म्हणणं अवघड असतं ते मला माहितीये.

सायरन नको, पण टपावर फिरणारी लाल-निळी बत्ती तर चालेल?

ती पण नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा गेला, ते सगळ्यांना आठवत असेल. लाल-निळी-पांढरी बत्ती आता आग, पोलीस-सैन्याचा कायदा-सुव्यवस्थेचा बंदोबस्त, पूर-भूकंप-वायुगळती अशा आपत्तीच्या कामातल्या गाड्यांपुरती, तीही ड्युटीवर असताना. ॲम्ब्युलन्सला जांभळ्या काचेतली लाल उघडझाप करणारी बत्ती वेगळी दिलेली आहे. हा नियम १०८. ॲम्ब्युलन्सचा फोन नंबरही १०८ च, निव्वळ योगायोग.

पिवळी लावू का, असंही विचारतात. टपावरचा पिवळा दिवा त्या नियमात विमानतळ, बंदर अशा आवारात, बाहेरच्या रस्त्यावर न येता फिरणाऱ्या गाड्यांसाठी म्हणून आलाय. आपली गाडी घोडबंदर रोडवर फिरते.

ॲम्ब्युलन्समधून बॉडी नेली तर सायरन चालतो ना? गाडी तर ॲम्ब्युलन्सच आहे.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यावरच सगळ्यात जास्त वाद होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. हॉस्पिटलमध्ये माणूस जातो, बाहेर खाजगी ॲम्ब्युलन्स उभ्याच असतात, ड्रायव्हर म्हणतो "चला सोडतो घरी", बॉडी आत ठेवतात, दार लागतं आणि गेटच्या बाहेर पडता पडता हूटर सुरू. नातेवाईकांना वाटतं आपल्या माणसाला मान मिळतोय. ड्रायव्हरला पुढचं भाडं गाठायचं असतं. खरं कारण बहुतेक वेळा हेच.

आता नियमात ती जांभळ्या काचेची बत्ती कुणाला दिलीय ते नीट वाचा: पेशंट नेण्यासाठी वापरायच्या ॲम्ब्युलन्सला. आत पेशंट नसेल तर त्या बत्तीला आधारच राहत नाही, मग गाडीच्या पाठीवर उलट्या-सुलट्या कुठल्याही अक्षरात ॲम्ब्युलन्स लिहिलेलं असो. गाडी कुठली यापेक्षा आत्ता ती काय काम करतेय हे महत्त्वाचं. रिकामी ॲम्ब्युलन्स चहा प्यायला जाताना हूटर वाजवते तेव्हा आपण शिव्या घालतोच ना.

आणि मला यातलं खरं दुखणं वेगळंच वाटतं. कळव्याच्या पुलावर किंवा माजिवड्याला तुम्ही गाडीत बसलाय, मागून हूटर येतो, तुम्ही कसंबसं डावीकडे दाबता, एक चाक फूटपाथवर चढतं, रिक्षावाला शिव्या देतो, ॲम्ब्युलन्स बाजूने जाते आणि काचेतून दिसतं की आत पांढरी चादर तोंडापर्यंत ओढलेली आहे आणि चार माणसं गप्प बसलीत. पुढच्या वेळी हूटर ऐकल्यावर तुम्ही तेवढेच झटकन बाजूला व्हाल? अर्धा सेकंद तरी मनात येणारच, "असेल कुणाची तरी मयत." तो अर्धा सेकंद कुणाच्या तरी हार्ट अटॅकमधून जातो. ज्याचा वेळ संपलाय त्याच्यासाठी ज्याचा वेळ चाललाय त्याचा सायरन वापरायचा नाही, आमच्या मंडळात आम्ही एवढंच धरून चालतो.

सरकारी १०८ ची गाडी बॉडी नेतच नाही, तिथे फोन करून वाद घालू नका, त्या बिचाऱ्यांना पुढचा कॉल असतो. पालिकेची किंवा एखाद्या मंडळाची शववाहिनी मागवा.

लोकांनी आम्हाला रस्ता दिला नाही तर त्यांना दहा हजार दंड होतो असं ऐकलंय?

ते कलम १९४-ई. फायर ब्रिगेड, ॲम्ब्युलन्स किंवा राज्य सरकारने ठरवलेलं दुसरं इमर्जन्सी वाहन यांना वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ते शववाहिनीसाठी नाही. आपल्याला लोक जी वाट देतात ती माणुसकीने देतात, आणि खरं सांगू, भरपूर देतात. नौपाड्यात मी बघितलंय, भाजीवाली हातातली जुडी खाली ठेवून हात जोडते, बाइकवाला हेल्मेटवरूनच कपाळाला हात लावतो. हूटर वाजवला की हेच लोक चिडतात.

पण पुढची गाडी निघून गेली आणि मागचे सिग्नलला अडकले तर? एकदाच सगळ्यांनी मिळून सिग्नल तोडला तर काय बिघडतं?

हे मी स्वतः बघितलंय म्हणून लिहितो. आमच्या गाडीलाही आधी हूटर होता. डॅशबोर्डखाली काळा छोटा डबा, त्याला तीन बटणं आणि पीळ घातलेल्या वायरचा माइक, फ्यूजमधून काढलेली वायर पिवळ्या टेपने गुंडाळलेली. आधीच्या ड्रायव्हरने बसवून घेतला होता आणि आम्ही कुणी काही बोललो नाही, मी पण नाही.

पावसाळ्याचे दिवस, वागळेहून जवाहरबागेच्या स्मशानात निघालो होतो. गाडीमागे तीन कार आणि दहा-बारा बाइक. तीन हात नाक्याला सिग्नल लाल, पुलाखाली पाणी साचलेलं, ड्रायव्हरने सवयीने बटण दाबलं. गाड्या बाजूला झाल्या, आम्ही निघालो. आमच्या मागे दोन कार निघाल्या. त्यांच्या मागे गेलेल्या माणसाचे दोन पुतणे ॲक्टिवावर, त्यांना वाटलं आपण पण त्याच ताफ्यातले, आपल्याला पण वाट आहे. मुलुंडच्या बाजूने येणाऱ्या रिक्षावाल्याला मात्र आवाज पुढे निघून गेलेला ऐकू आला, त्याच्या हिशोबाने ॲम्ब्युलन्स गेली, रस्ता मोकळा, त्याचा सिग्नल हिरवा. तो आला.

मागच्या मुलाचा पाय नडगीत मोडला. आम्हाला कळलं ते स्मशानात पोचल्यावर, फोन आला तेव्हा, आणि तेव्हा चितेवर लाकडं रचून झाली होती. थोरल्याने खांदा दिला होता पण अग्नी देताना तो तिथे नव्हता, भावासोबत हॉस्पिटलमध्ये होता. पाय मोडलेल्या पोराला न्यायला जी ॲम्ब्युलन्स आली तिचा सायरन मात्र खरा होता.

सायरन हा एका गाडीचा असतो, ताफ्याचा नसतो. फायर ब्रिगेडच्या मागे चिकटून जाणाऱ्या बाइकवाल्याला आपण येडा म्हणतो, पण मयतीच्या मागे आपण सगळेच तसे जातो कारण पुढच्या गाडीत आपलं माणूस असतं आणि डोकं ठिकाणावर नसतं. डोकं ठिकाणावर नसलेल्या पंधरा माणसांना सिग्नल तोडायला लावायचा, ते पण पावसात. त्याच आठवड्यात आम्ही तो डबा काढला.

मग ताफा एकत्र ठेवायचा कसा?

ठेवायचाच नाही, हे माझं उत्तर. जायचं सगळ्यांना एकाच ठिकाणी आहे, एका रांगेत जायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय. निघायच्या आधी दोन मिनिटं घ्या. बिल्डिंगच्या गेटवर मी मोठ्याने सांगतो, स्मशान कुठलं, कुठल्या गेटने आत यायचं, गाडी कुठे लावायची. हे सांगितलं की अर्धी धावपळ तिथेच संपते, कारण लोक मागे मागे पळतात ते पत्ता माहिती नसतो म्हणून. नवी मुंबईत तर हे फारच, सेक्टर सगळे सारखे दिसतात, पुण्याहून आलेला मेहुणा नेरूळच्या ऐवजी तुर्भ्याला जाऊन उभा राहिलाय हे आमच्यासमोर घडलंय. लोकेशन घरच्यांच्या ग्रुपवर टाका, शववाहिनीत बसलेल्या एकाने लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं.

दुसरं म्हणजे मुलगा किंवा जो अग्नी देणार आहे तो, भटजी आणि मडकं, हे तिन्ही शववाहिनीतच पाहिजेत. बाकी सगळे दहा मिनिटं उशिरा आले तरी काही अडत नाही. मडकं मागच्या रिक्षात आणि रिक्षा कोपरी पुलावर, असं झालं की मग सगळे एकमेकांवर ओरडतात.

बाइकवाल्या पोरांना आधी पाठवून द्या. हे ऐकायला विचित्र वाटतं, त्यांना मागे यायचं असतं, पण पुढे जाऊन लाकडं, पास बघायला माणसं लागतातच, काम दिलं की जातात.

आणि वाटेत खरंच अडकलात, नाक्यावर हवालदार दिसला, तर खिडकीतून हात बाहेर काढून "साहेब, मयत आहे" एवढं म्हणा. दहातले आठ वेळा तो शिट्टी वाजवून बाजूची लेन थांबवतो, आणि त्याने हाताने थांबवलेली लेन सगळ्यांसाठी थांबते, ॲक्टिवावाल्या पोरांसाठी पण. हूटरला हे जमत नाही.

चारही इंडिकेटर चालू ठेवून जायचं का?

चालत्या गाडीला नको. चारही लुकलुकायला लागले की तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे हे मागच्याला कळत नाही, आणि ताफ्यातल्या सहा गाड्यांनी लावले की बाहेरच्या माणसाला वाटतं पुढे गाडी बंद पडलीय, तो लेन बदलून मध्ये घुसतो. गाडी थांबवून बॉडी उतरवताना लावा, त्यासाठीच ते आहेत. जाताना साधे हेडलाइट, डिपरवर, दिवसा पण. एवढं बास.

गाडी फुलांनी सजवायची आहे, त्यात काही प्रॉब्लेम?

सजवा ना, पण मागचे दिवे सोडून. सायरनबद्दल पन्नास जण विचारतात आणि हे कुणीच विचारत नाही, आणि धोका इथे जास्त आहे. झेंडूच्या माळा मागच्या दारावरून सोडतात त्या बरोबर ब्रेक लाइटवर येतात. संध्याकाळी सातला ठाणे-बेलापूर रोडवर मागे कंटेनर असतो, त्याला समोर फक्त एक केशरी पडदा दिसतो, ब्रेक मारलेला दिसतच नाही. नंबर प्लेट झाकली तर तो वेगळाच गुन्हा. समोरच्या काचेवर फोटो लावतात तो ड्रायव्हरच्या बाजूला नको, डावीकडे, खाली. आमचा ड्रायव्हर माळा बघून गप्प बसायचा, लोकांना वाईट वाटेल म्हणून, मग मीच आता सुतळी आणि कात्री घेऊन जातो आणि माळ दोन वीत वर बांधून देतो, कुणी काही म्हणत नाही.

स्पीकरवर "श्रीराम जय राम जय जय राम" लावलं तर ते पण सायरनमध्ये धरतात का?

सायरनमध्ये नाही, पण आवाजाचे नियम आहेतच. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र असतं, तिथे बंद करा, हॉर्न पण वाजवू नका. खरं तर गाडीच्या आतल्या लोकांना ऐकू येईल एवढाच आवाज पुरतो. आमच्याकडे आगरी-कोळी गावांत, बेलापूर पट्ट्यात, भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन पुढे चालतं, त्याला स्पीकर लागत नाही आणि त्याच्यापुढे कुठलाही सायरन फिका आहे. राबोडी-मुंब्र्याकडे जनाजा खांद्यावरून जातो, अनोळखी माणसंही पुढे होऊन खांदा देतात, तिथेही कुणी हॉर्न वाजवत नाही आणि ट्रॅफिक आपोआप सरकतं.

पण घाई असते ना, दिवेलागणीच्या आत व्हायला पाहिजे, आणि स्मशानात नंबर असतो.

मान्य. पण उशीर रस्त्यावर होत नाही, घरी होतो. अमेरिकेतून मुलगा येतोय म्हणून वाट बघितली, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून परत गेले, एक आत्या विरारहून निघालीय. या सगळ्यात तीन तास जातात आणि मग ते तीन तास ड्रायव्हरने घोडबंदरला मेट्रोच्या खांबांमधून भरून काढावेत अशी अपेक्षा असते. हूटर वाजवून फार तर सात-आठ मिनिटं वाचतात. त्यापेक्षा आधी स्मशानाच्या ऑफिसला फोन करा, शेगडी चालू आहे का, आधी कुणी आहे का विचारा, मग वेळ ठरवा.

एकाच गोष्टीत खरी घाई असते, नेत्रदान. ते ६ तासांच्या आत व्हायला लागतं. पण त्यासाठी बॉडी कुठे न्यायची नसते, आयबँकेची टीम घरी येते. तोवर पंखा बंद ठेवा आणि डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवा.

पोलिसांकडून पायलट गाडी किंवा ग्रीन कॉरिडॉर मिळतो का?

साध्या अंत्ययात्रेला नाही. शासकीय इतमामात असेल, शहीद जवान असेल, किंवा कुणी मोठा पुढारी असेल आणि गर्दी होणार असेल तर पोलीस स्वतःच बंदोबस्त लावतात. तुमच्याकडे खूप लोक येणार असतील आणि पायी यात्रा मोठ्या रस्त्यावरून जाणार असेल तर लोकल पोलीस स्टेशनला आणि ट्रॅफिक चौकीला आधी सांगून ठेवा, फोन केला तरी चालतो, ते नाही म्हणत नाहीत.

ग्रीन कॉरिडॉर अवयवांसाठी असतो. ब्रेन डेड माणसाच्या घरच्यांनी अवयवदानाला हो म्हटलं की हृदय, लिव्हर पोलिसांच्या मदतीने थांबा न घेता पुढे जातं, आणि मग त्याच माणसाची बॉडी सगळ्या सिग्नलला थांबत घरी येते. पहिल्यांदा एका घरच्यांसोबत असा गेलो तेव्हा मला ते फार लागलं होतं. त्या घरातल्या बाईंनाच नाही लागलं, त्या म्हणाल्या, "त्याला आता कुठे जायचंय."

गावी न्यायचं आहे, सातारा किंवा कोकणात. लांबच्या प्रवासात तरी?

लांबच्या प्रवासात तर अजिबातच नको, पाच तास हूटर ऐकून ड्रायव्हरचं डोकं फिरेल. नॅशनल हायवेवर शववाहिनीला टोल माफ आहे, गाडीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं आणि कागद हाताशी असले की सोडतात. वाशी, ऐरोली, मुलुंडच्या मुंबई एंट्री नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाहीच, त्यामुळे नातेवाईकांच्या कारचाही प्रश्न मिटला. एक्सप्रेसवेवर बाइक घेऊन निघू नका, बाइकला तिथे बंदी आहे, कळंबोलीला अडवतात आणि मग रडारड. बर्फाची पेटी असेल तर पाणी गळून मागे रस्त्यावर सांडतं, एक जुनी चादर खाली टाका.

परदेशात तर असे दिवे असतात म्हणे?

असतात, अमेरिकेत. तिथे फ्युनरलच्या ताफ्याची रीतच वेगळी, सगळ्या गाड्या दिवे लावून, छोटे झेंडे लावून एकामागे एक जातात, कित्येक राज्यांत पहिली गाडी हिरव्या सिग्नलला आत शिरली की मागच्यांनी सिग्नल लाल झाला तरी काळजी घेत जायचं असं कायद्यातच आहे, आणि पुढच्या गाडीला काही राज्यांत जांभळी, काहींत पिवळी बत्ती चालते. न्यू जर्सीला राहणारे भाचे हेच बघून येतात आणि इथे विचारतात. तिथे तो ताफा ओळखायला बाकीचे ड्रायव्हर शिकलेले असतात, इथे तसा कायदाही नाही आणि सवयही नाही. ब्रिटनमध्ये शववाहिनीला बत्ती नसते, सुरुवातीला एक माणूस काळा कोट घालून गाडीच्या पुढे चालतो. जपानमध्ये गाडी निघताना एकदा लांब हॉर्न देते आणि मग गप्प. हे मला आवडलं.

हूटर सापडला तर दंड किती?

कायद्यातले आकडे असे: आवाजाचे नियम मोडले तर कलम १९०(२), १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, वर ३ महिने लायसन्सला फटका. विनाकारण हॉर्न वाजवत राहिलात तर १९४-एफ, पहिल्यांदा १,०००, पुढे २,०००. गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला ५,००० रुपये दर बदलामागे किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, मालक म्हणजे इथे मंडळ, म्हणजे अध्यक्षांचं नाव. सिग्नल तोडणं आता धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं. मयतीच्या गाडीला चलन फाडताना पोलीस सहसा कचरतात हे खरंय, पण अपघात झाला तर कोर्टात कुणी कचरत नाही.

मी साधा ड्रायव्हर आहे, समोरून अंत्ययात्रा आली तर काय करू?

हळू व्हा. जुन्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत मिरवणुकीजवळून जाताना ताशी २५ किलोमीटरच्या वर जायचं नाही असं लिहिलेलं होतं, तो वेग आजही बरोबरच आहे. हॉर्न नको, मधून घुसू नका, म्युझिक बारीक करा. मुद्दाम अंत्यविधीत अडथळा आणून लोकांच्या भावना दुखावल्या तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ आहे, पण तिथवर कशाला जायचं.

आमचं मंडळ नवीन शववाहिनी घेतंय, हूटरच्या पैशात काय घेऊ?

मागच्या दाराला लाल आणि बाजूने पिवळी रिफ्लेक्टर टेप, चांगल्या कंपनीची, पहिल्या पावसात निघणारी नको. आतमध्ये पांढरा दिवा, कारण रात्री बिल्डिंगच्या खाली बॉडी चढवताना कुणाला काही दिसत नाही. बाहेर "शववाहिनी" हा शब्द चारही बाजूंनी एक वीतभर अक्षरात, देणगीदारांची नावं त्याच्यापेक्षा लहान, याच्यावर मीटिंगमध्ये भांडण होणार आहे, तयारी ठेवा. मग आत एक बॅटरी, दोन मोठ्या छत्र्या, हातमोजे, जाड सुतळी, कात्री, २० लिटरचा पाण्याचा जार आणि ग्लास. आणि एका डब्यात थोडी साखर, सकाळपासून पोटात काही नसतं म्हणून कुणाला तरी चक्कर येतेच, बहुतेक वेळा थोरल्या जावयाला.